चौथ्या खिडकीची पेन्सिल

त्या कचेरीच्या तळमजल्यावर सहा खिडक्या होत्या. त्यातल्या तिसरीवर आणि चौथीवर पाटी एकच होती : जन्म-मृत्यू नोंद. काम तेच, फॉर्म तेच, काचेतलं अर्धगोल भोकही तेवढंच. तरी रोज सकाळी दहाला तिसरीसमोर दोन माणसं असायची आणि चौथीसमोर वीस.

तिसऱ्या खिडकीतला गृहस्थ भोकाशी तोंड नेऊन बोलवायचा, "या की इकडे. मोकळीच आहे."

"असू द्या, असू द्या," रांगेतून कुणीतरी म्हणायचं. "आम्हाला कुठे गाडी पकडायचीय."

चौथ्या खिडकीत एक चव्वेचाळीस वर्षांची बाई बसायची. एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत. खुर्चीचा एक हात कधीच निखळला होता आणि तिने तो दोरीने असा बांधला होता की नव्या खुर्चीचा विषय निघाला की तीच नको म्हणायची. कचेरीत तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मोठ्या साहेबांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला 'चौथी' म्हणत. "चौथीला विचारा." "चौथी रजेवर आहे? मग उद्याच या."

चौथीच्या कानावर कायम एक पेन्सिल असायची, सुताराच्या असते तशी. फॉर्म हातात आला की ती वरपासून खालपर्यंत एकदाच नजर फिरवायची आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची. काय आहे ते नाही, काय नाही ते. 'दवाखान्याचा कागद हवा. जुना चालेल.' 'पाचव्या खिडकीत जाऊ नका, थेट वर जा.' 'आजींना आणू नका. अंगठा घरी घ्या, खाली शेजाऱ्याची सही.' माणूस तो कोपरा वाचत वाचत घरी जायचा आणि दुसऱ्या खेपेला सगळं घेऊन यायचा.

"बाई, पेनने लिहा ना, ठळक दिसेल," एकदा एकजण म्हणाला.

"पेनने लिहिलं तर ते राहील."

"राहू द्या की."

"नको. आज घाबरत घाबरत तुम्ही जे चुकलात ते पन्नास वर्षांनी तुमच्या नातवाने कशाला वाचायचं? कागद पुरा झाला की मी पुसून टाकते."

शेजारच्या गृहस्थाला 'गाईड' हे नाव पडलं होतं. त्याच्या खणात नियमांची तीन गाईडं होती आणि ती तिन्ही त्याच्या डोक्यातही होती. माणूस वाईट नव्हता. पण समोर कोण उभं आहे हे बघायला त्याने मान वर केली असेल तर ती पंखा बंद पडला तेव्हाच. दोन्ही खिडक्यांच्या मधे प्लायवूडचं पार्टिशन होतं, त्यात गाठ निखळून पडलेलं एक भोक, आणि त्या भोकातून कचेरीचं अर्धं काम चालायचं.

"अहो गाईड, वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला काय लागतं?"

"नियम बावीस. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, साहेबांची सही."

"आणि साक्षीदार एकच असेल तर?"

"तर नाही."

"आणि दुसरा साक्षीदार वारला असेल तर?"

"तर आधी त्याची नोंद करा. माझी खिडकी मोकळी आहे."

असं चाललं होतं. घोडं अडायचं ते त्या सहीपाशी. चौथी कागद कितीही चोख करून वर पाठवू दे, सही मोठ्या साहेबांची, आणि मोठे साहेब आठवड्यातले तीन दिवस दौऱ्यावर. मागे एक म्हातारा बायकोच्या मृत्यूच्या नोंदीसाठी सहा वेळा आला होता. सहाही वेळा कागद पुरा होता. सहाही वेळा साहेब नव्हते. दर वेळी तो जिना चढायचा, रिकामी खुर्ची बघायचा, आणि उतरताना चौथीला हात करून जायचा, जणू चूक त्याचीच. सातव्या वेळी त्याचा मुलगा आला. आईच्या नव्हे, म्हाताऱ्याच्याच मृत्यूच्या नोंदीसाठी.

त्या दिवशी तिने कोपऱ्यात काही लिहिलं नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "मला ती सही पाहिजे."

"कसली?"

"नोंदणी अधिकाऱ्याची. परीक्षा देणार मी."

परीक्षा होती ती कचेरीतल्याच माणसांसाठी. दहा वर्षं नोकरी झालेल्यांमधून स्पर्धा परीक्षा घेऊन अधिकारी निवडायचा. लेखी शंभर गुणांची, तोंडी पन्नासची. जागा एक. आणि माणसाला जन्मात तीनच संधी.

पहिल्या संधीला तिची गाडी प्रश्न क्रमांक चारवर थांबली. 'एका महिलेचा अर्ज अपूर्ण आहे. खालीलपैकी सर्वांत योग्य कृती कोणती?' खाली चार पर्याय. चौथीच्या डोळ्यांसमोर ती महिला उभी राहिली. एकटी आलीय का? किती लांबून? कडेवर मूल आहे का? काय अपूर्ण आहे, तारीख की नाव? सहा मिनिटं त्या महिलेत गेली. मग पाचव्या प्रश्नात एक वृद्ध गृहस्थ आले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचे शंभरातले अडतीस प्रश्न सोडवून झाले होते. त्यातले छत्तीस बरोबर. नापास.

दुसऱ्या वेळी मात्र तिने मनाशी गाठ बांधली, थांबायचं नाही. थांबली नाहीच. सुसाट गेली, शंभरपैकी शंभर गोल काळे केले. निकालात तिच्या नावापुढे गुणच नव्हते. लिहिलं होतं : 'उत्तरपत्रिका बाद. अनावश्यक खुणा.'

ती खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिली आणि मग तिचा हात आपोआप कानाकडे गेला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. एकोणीस वर्षांची सवय. मेंदूला विचारून थोडीच चालते. ज्या प्रश्नात माहिती पुरी नव्हती, त्या प्रश्नाच्या गोलाशेजारी तिने उत्तरपत्रिकेवरच पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं : 'तारीख दिलेली नाही.' 'नातं काय ते विचारा.' 'दवाखान्याचा कागद हवा.' गोल वाचणाऱ्या यंत्राने असल्या उत्तरपत्रिकेसमोर हात टेकले होते.

कचेरी आठ दिवस हसली. मोठे साहेब एरवी हसायचे नाहीत, पण तेही जिन्यात थांबले. "चौथी, तुम्ही परीक्षेचाच अर्ज अपूर्ण ठरवलात म्हणे?"

"हो साहेब. पण तो काही पुरा होऊन परत आला नाही."

ती हसून बोलली खरं, पण त्या संध्याकाळी घरी पोचली ती तोंड एवढंसं करून.

घराची पुढची खोली म्हणजे नवऱ्याचं शिलाईचं दुकान. खिडकीपाशी मशीन, भिंतीला खडूने आखलेले कागदी नमुने, आणि गळ्यात टेप अडकवलेला नवरा, जो टेपसकट जेवायला बसायचा. मागच्या दारात सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या. तीस वर्षं त्या मुलींच्या एका शाळेत घंटा द्यायच्या. स्वतः शिकलेल्या जेमतेम, पण परीक्षेचे हॉल त्यांनी बघितले तेवढे कुठल्या प्राध्यापकाने बघितले नसतील.

"परीक्षाच खोटी आहे," नवरा कैची खाली ठेवत म्हणाला. "एकोणीस वर्षं बाई काय करते ते कुणी बघायचं नाही, आणि दोन तासांत किती गोल काळे केले त्यावरून ठरवायचं? उद्या मला विचारतील, सुईचा शोध कुठल्या साली लागला. मी नापास, आणि ज्याला टाका येत नाही तो मास्टर टेलर."

चौथीला बरं वाटलं. अशा वेळी कुणीतरी आपल्या बाजूने खोटं का होईना पण ठासून बोललं की बरं वाटतं.

"तू गळ्यात टेप कशाला घालतोस रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आता हे काय मधेच?"

"नाही, विचारते. डोळ्याने कापत जा की कापड."

"डोळ्यानेही कापतो मी."

"हो. मागच्या वर्षी त्या बँकेतल्या मॅनेजरच्या बाह्या डोळ्यानेच कापल्या होत्यास ना?"

नवऱ्याने खाली ठेवलेली कैची पुन्हा उचलली. त्या बाह्यांचा विषय त्या घरात निघत नसे.

"पण आई, टेपला सगळं कळतं का? एखाद्याचा एक खांदा उतरलेला असतो, कुणी पोक काढून चालतो. ते टेप सांगते?"

"नाही सांगत. म्हणून टेप फेकून दिलीस? आधी टेप लावतोस, मग दोन पावलं मागे होऊन बघतोस. मी रोज बघते इथून. त्यांच्या परीक्षेतही दोन्ही आहे म्हणे. लेखी म्हणजे टेप. तोंडीला बसतील ते बघतील." सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "तुझं दुसरं चांगलं आहे गं. पण तू टेप लावायलाच उभी राहत नाहीस. आता उभी राहा नीट. एकच संधी उरलीय ना?"

"एकच."

"मग उद्या पहाटे पाचला."

त्या पहाटेपासून त्या घरात परीक्षा केंद्र सुरू झालं. सासूबाई स्टीलची ताटली घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि चमच्याने एक टोला हाणायच्या. पेपर सुरू. कामात त्यांना देवाचाही मुलाहिजा नव्हता. नवरा पाणी प्यायला उठला तरी, "हॉलमधे फिरायचं नाही." शेजारच्या काकांनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय चाललंय सकाळी सकाळी?" तर, "शांतता राखा. पेपर चालू आहे." तीन आठवड्यांनी काकाच सांगू लागले की आज दुसरी घंटा एक मिनिट उशिरा झाली.

अडचण पेन्सिलीची होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती काढून घेतली आणि चौथीचा मेंदूच बंद पडला. पेन्सिल दिली की ती उत्तरपत्रिकेच्या कडेला लिहायची. काढून घेतली की नुसती बघत बसायची. आठ दिवस हेच. पालथ्या घड्यावर पाणी.

"जमायचं नाही माझ्याने," नवव्या दिवशी ती म्हणाली. "आई, मला कोपऱ्यात लिहिल्याशिवाय विचारच करता येत नाही."

सासूबाईंनी ताटली मांडीवर ठेवली. "आमच्या पोरी गणितं सोडवायच्या. बेरजा-वजाबाक्या कुठे करायच्या?"

"कच्च्या कागदावर."

"तुमच्यात कच्चा कागद देतात?"

"नाही देत. प्रश्नपुस्तिकेच्या कडेला कच्चं काम करा म्हणतात."

"ती पुस्तिका यंत्रात जाते?"

"नाही. ती घरी न्यायची."

"मग तिथे भांड की, काय भांडायचं ते."

चौथी सासूबाईंकडे बघतच राहिली. दोन परीक्षा दिल्या, पुस्तिकेला तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं. छापील कागद घाण करायचा नाही, हेही त्याच खिडकीत अंगात मुरलेलं. त्या दिवसापासून कायदा ठरला : प्रश्नाशी भांडण पुस्तिकेत, तेही एका ओळीत. मग पेन्सिल कानावर, पेन हातात, एक गोल काळा, पुढे. सासूबाई दर मिनिटाला ताटलीच्या कडेला नखाने टिक करायच्या. दीड महिन्यात अडतीसचे ऐंशी झाले.

आणि एक गोष्ट झाली जी तिने कुणाला लगेच सांगितली नाही. नियम बावीस ती आजवर भोकातून विचारत आली होती. आता पहिल्यांदा बसून वाचला. दोन साक्षीदार कशाला, हे त्यात एका जुन्या प्रकरणासह दिलं होतं : एका साक्षीदाराच्या भरवशावर एका जिवंत माणसाला मेलेला ठरवलं गेलं होतं. वाचता वाचता तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. अकरा वर्षांपूर्वी एक माणूस भावाच्या मृत्यूची नोंद करायला आला होता. ढसाढसा रडत होता. साक्षीदार एकच. तिनेच वर जाऊन तेव्हाच्या साहेबांकडे रदबदली केली, सही मिळवून दिली. आणि तीन महिन्यांनी तिच्या खिडकीत एकजण येऊन म्हणाला, "जरा बघता का, मी मेलोय का?"

तेव्हा सगळे हसले होते. तीही. पण त्या माणसाला कागदावर जिवंत व्हायला दोन वर्षं लागली होती. नियम म्हणजे गाईडच्या डोक्यातली अडगळ, असं ती मानत आली होती. त्या पहाटे तिने पुस्तक मिटलं आणि जरा वेळाने पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

लेखीच्या दिवशी ती आणि गाईड एकाच हॉलमधे होते, पुढे-मागे. त्याचीही ही तिसरीच संधी. दोनदा तो लेखीत पहिला आला होता आणि दोनदा तोंडीत घसरला होता.

"ताई, पेन्सिल घरी ठेवलीत ना?" त्याने मागे वळून विचारलं.

"आणलीय. तुम्ही मान वर करायची सवय आणलीत का?"

पेपर सुरू झाला. सतराव्या प्रश्नात पुन्हा एक महिला आली, कडेवर मूल घेऊन. चौथीने पुस्तिकेच्या कडेला लिहिलं, 'थांबा, तुमचं नंतर बघते,' आणि गोल काळा करून पुढे गेली. एकसष्टाव्या प्रश्नात चारही पर्याय तिला चुकीचे वाटले. तिने लिहिलं, 'चौघेही उंटावरचे शहाणे.' त्यातला कमी उंच उंटावरचा निवडला. हात दोनदा उत्तरपत्रिकेच्या कडेला गेला आणि दोन्ही वेळा तिला कानात ताटलीची टिक ऐकू आली. शेवटची घंटा झाली तेव्हा उत्तरपत्रिका न्हाऊन आलेल्या पोरासारखी स्वच्छ होती, आणि पुस्तिकेचा इंच न इंच भरलेला.

पर्यवेक्षक पुस्तिकेकडे बघून म्हणाले, "बाई, हे काय?"

"रांग होती साहेब, जरा मोठी."

निकाल लागला. गाईड एक्याण्णव. चौथी अडुसष्ट. तोंडीला बोलावलं ते दोघांनाच, बाकीचे कुणी साठच्या वर नव्हते. गाईडने पार्टिशनच्या भोकातून हिशेब मांडला. "तेवीस गुणांचं अंतर आहे, ताई. पन्नासात तेवीस भरून काढायचे म्हणजे मला तोंड उघडता येऊ नये आणि तुमचं मिटू नये."

"बघू की. दोनदा तेच झालंय ना?"

भोकापलीकडे खण उघडून बंद झाल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ते बाकी खरं."

तोंडी परीक्षा एका लांबट खोलीत होती. गाईड आधी आत गेला आणि नऊ मिनिटांत बाहेर आला, हात चोळत.

"काय विचारलं?"

"सांगणार नाही. पण सोपं होतं."

चौथी आत गेली. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधे पांढऱ्या केसांच्या एक अध्यक्ष बाई. डावीकडे एक जाडजूड गृहस्थ, ज्यांच्यासमोर फाइलींचा ढीग होता. उजवीकडचे नुसते लिहून घेत होते. बाईंनी काही विचारायच्या आधी एक भरलेला फॉर्म पुढे सरकवला. मृत्यू नोंदीचा.

"हा तुमच्या खिडकीत आला असं समजा. काय कराल?"

"पेन्सिल वापरली तर चालेल, मॅडम?"

"अच्छा, ती पेन्सिल तुमची होय?" जाडजूड गृहस्थ म्हणाले. म्हणजे उत्तरपत्रिकेची गोष्ट इथवर पोचली होती. चौथीचे कान तापले, पण तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत एकदा पाहिला आणि कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या.

"दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे डॉक्टरांची सही नाही. ती चूक तुम्ही मुद्दाम ठेवली असणार."

"बरोबर. आणि दुसरी?" बाईंनी भुवया उंचावल्या. "एकच आहे ना हो?" त्यांनी डावीकडे विचारलं.

"एकच ठेवली होती मी," जाडजूड गृहस्थ म्हणाले.

"मग दुसरी राहून गेली असेल साहेब," चौथी अदबीने म्हणाली. "इथे मयताचं नाव आहे. आणि खाली खबर देणाऱ्याचं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तेच. म्हणजे मयताने स्वतःच येऊन आपल्या मृत्यूची खबर दिलीय. सहीसुद्धा केलीय. वळणदार आहे."

उजवीकडच्यांचं लिहिणं थांबलं. जाडजूड गृहस्थांनी फॉर्म ओढून घेतला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि त्यांना एकदम खोकला आला. अध्यक्ष बाई खिडकीबाहेर बघू लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"म्हणजे फॉर्म खोटा," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "फेकून द्यायचा?"

"नाही मॅडम. नातवाला आजोबांचं नाव ठेवलेलं असतं कितीतरी घरांत. एक पिढी सोडली की वडिलांचं नावही तेच निघतं. माझ्याकडे वर्षाला असे चार-पाच तरी येतात. मी आधी विचारेन, तुमचं वय काय, तुम्ही यांचे कोण."

"आणि तो रडत असेल तर?"

"तर पाणी देईन."

"आणि सोडून द्याल?"

चौथीने क्षणभर फॉर्मकडे पाहिलं. "एकदा सोडलं होतं. तो रडत होता म्हणून. तीन महिन्यांनी त्याचा मेलेला भाऊ माझ्या खिडकीत येऊन उभा राहिला. दोन वर्षं गेली बिचाऱ्याची. आता पाणी देईन, बसवेन, आणि विचारेनच. दुसरा साक्षीदारही मागेन. फक्त तो कुठून आणायचा ते कोपऱ्यात लिहून देईन."

खोलीत कुणी हसलं नाही. बाईंनी समोरचा कागद उलटला. "लेखीत तुम्हाला अडुसष्ट. तुमच्या शेजाऱ्यांना एक्याण्णव. ही परीक्षा माणूस बरोबर मोजते असं तुम्हाला वाटतं? खरं सांगा."

"नियम मला त्यांच्याइतके येत नाहीत. एकोणीस वर्षं मी त्यांनाच विचारत आलेय. तेवढं तुमच्या यंत्राने बरोबर मोजलंय, तक्रार नाही. आणि त्या अभ्यासाने माझी एक चूक मला दाखवली, जी अकरा वर्षं मला दिसली नव्हती." मग ती म्हणाली, "पण मॅडम, रांग कुणी मोजली नाही."

"कसली रांग?"

"आमच्या दोन खिडक्यांसमोरची. काम एकच आहे. रोज सकाळी दहाला उभी असते. कधीही या आणि बघा."

निकाल तिसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर लागला. चौथीला उठता येईना, समोर बावीस माणसं होती. गाईड आपली खिडकी बंद करून गेला. त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. परत आला आणि पहिल्यांदाच भोकातून न बोलता तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"लेखी एक्याण्णव, तोंडी एकवीस. एकशे बारा," तो म्हणाला. "हा मी."

"आणि?"

"अडुसष्ट आणि शेहेचाळीस." त्याने बोटांवर पुन्हा बेरीज केली. "एकशे चौदा, ताई. नियम अकरा, एकूण गुणांनुसार निवड."

चौथीच्या हातातला फॉर्म तसाच राहिला.

"डॉक्टरांची सही नाही हे मी दहा सेकंदांत सांगितलं होतं," गाईड सांगत होता. "नियम क्रमांकासकट. मग म्हणाले, अजून काही? मी म्हटलं, काही नाही. दोनदा विचारलं हो त्यांनी. तुम्ही नंतर सांगितलंत ते, मयतानेच खबर दिलीय, मला दिसलंच नाही. मी नाव वाचलंच नव्हतं. मी रकाने भरलेत का तेवढं बघितलं." त्याने तिच्या हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "मी सांगतो तुम्हाला, मी कधीच नाव वाचत नाही."

तिला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छातीत असं काही भरून आलं की दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना. एव्हाना रांगेत बातमी पुढून मागे पोचली होती. मागच्या टोकाला कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कशाबद्दल ते निम्म्यांना माहीत नव्हतं. पुढच्या आजीबाई तेवढ्या टाळी न वाजवता भोकातून आत वाकल्या.

"म्हणजे तू वर जाणार? मग माझा फॉर्म कोण घेणार?"

"आज मीच घेणार, आजी. द्या इकडे."

संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा ताटलीचा आवाज आधी ऐकू आला. सासूबाई रस्त्यात उभ्या राहून टोले देत होत्या, शाळा सुटल्यासारखे. शेजारचे काका घड्याळ बघून म्हणाले, "आज वेळेवर." नवरा दारातच थांबला होता. त्याने काही न बोलता गळ्यातली टेप काढली, तिचे खांदे मोजले, हाताची लांबी मोजली, खडूने भिंतीवर आकडे लिहिले. मग दोन पावलं मागे जाऊन डोकं तिरकं करून नुसता बघत राहिला.

"काय बघताय एवढं?"

"उजवा खांदा जरासा उतरलाय. एकोणीस वर्षं त्या भोकाकडे वाकून. टेपला नाही दिसत ते."

आठ दिवसांनी ती नव्या जाकिटात जिना चढली. छातीवर एक अरुंद उभा खिसा होता, पेन्सिलीपुरता. वर, मोठ्या साहेबांच्या शेजारच्या खोलीत, तिच्या खुर्चीला दोन्ही हात होते आणि ते तिला जरा अवघड वाटत होते.

अकराच्या सुमारास पहिला फॉर्म वर आला. तिसऱ्या खिडकीतून. आता सगळी रांग गाईडकडेच होती. वर्ष उलटून गेलेली नोंद, प्रतिज्ञापत्र जोडलेलं, साक्षीदारांपैकी एकाची सही झालेली. वरच्या उजव्या कोपऱ्यात ताठ, अवघडलेल्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं : 'नियम बावीस. दुसरे साक्षीदार वयस्कर आहेत, जिना चढता येत नाही. खाली बाकावर बसवलंय. पाणी दिलंय.'

तिने तो कोपरा दोनदा वाचला. मग शिक्का, पॅड आणि फॉर्म उचलून जिना उतरली. बाकावर एक वृद्ध गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते, शेजारी एक मध्यमवयीन बाई पिशवी घट्ट धरून. चौथी त्यांच्यासमोर बसली. नाव विचारलं, वय विचारलं, मयताशी नातं विचारलं, कधीपासून ओळखता ते विचारलं. सगळं. घाई न करता. गृहस्थांनी सही केली. मग तिने फॉर्म मांडीवर घेतला आणि त्याखाली, जिथे एकोणीस वर्षं कधी हे साहेब तर कधी ते साहेब नसायचे, तिथे आपली सही केली. शिक्का मारला. खोडरबर काढून कोपरा पुसला, फुंकर मारली.

बाईने कागद दोन्ही हातांनी घेतला. विश्वास बसत नसल्यासारखी ती उभीच राहिली.

"मग आता पुन्हा कधी येऊ?"

"कशाला?" चौथी म्हणाली. "झालं की."